दोघींनीच लावायचं कोनफळ

सासूबाय, मागल्या दारचा तुमचा वाफा मी साफ केला. तुमाला वाचता येत नव्हतं ते बरंच झालं. काय पण लिहिलं तरी माझ्या चौथीच्या शाळेला नावं ठेवायला तुमी येणार नाय.

वाफा कसला, रानच झालेलं. पावसाचं पाणी साचून कोनफळ कुजू नये म्हणून तुमी कडेनं दगड रचून गुडघ्याएवढा उंच केलेला. ते दगड सुटलेले, वर घाणेरी, खाली लव्हाळा. तुमी गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, आणि त्याला कारण तुमीच. मी नवी नवरी, पयलाच वैशाख, चुलीपुढं बसलेली. तुमी मागल्या दारातनं हाक मारता. मी म्हणते, भाकऱ्या राहिल्यात. तर केवढ्यानं ओरडलात, "भाकऱ्या पळून जातात काय गं? कोनफळ एका बाईनं लावलं तर खाजरं निघतं. दोघी लागतात. ऊठ!" मग तुमी खड्डा करायच्या आणि मी त्यात कंदाचं डोकं ठेवायची, कोंब असलेला वरचा तुकडा. "वर तोंड करून ठेव, तुझ्यासारखं खाली घालून नको," असं तुमचं चालूच. मामंजी मी यायच्या आधीच गेलेले, तुमचा मुलगा उजाडता वाडीत जायचा तो अंधार पडता यायचा. वाफ्यावर बसून तुमी अख्ख्या गावाच्या नकला करायच्या. मला मूल झालं नाय, त्यावरनं तुमी कधी बोलला नायत. बाकी मीठ, केर, माझं घोरणं, सगळ्यावरनं बोललात.

तुमी गेलात आणि घरात दुसरी बाईच उरली नाय. हे म्हणायचे, मी येऊ का लावायला? मी म्हणायची, या की, लुगडं नेसून या. मग हेपण गेले. आता घोरते का नाय, ते सांगायलापण कोण नाय.

यंदा चिंचणीच्या बाजारात कंद विकणारी म्हातारी दिसली. मी सहज म्हटलं, "घ्यायचं मन हाय गं, पण लावायला दुसरी बाई नाय."

"दुसरी कशाला?"

"एकटीनं लावलं तर खाजरं निघतं ना."

ती अशी हसली की शेजारची सुकटवालीपण वळून बघायला लागली. "कोण बोलला तुला? जल्म गेला माझा एकटीनं लावण्यात! दोघी कशाला, वरात काढायची हाय?"

घरी येईस्तोवर मी तुमाला शिव्या घालत होते. वाटेत एक बाई घाबरून बाजूला झाली, तिला वाटलं मी तिलाच बोलते. एवढी वर्षं वाफा पडून राहिला, आणि तुमाला नुसती बोलायला कोणीतरी पायजे होती. सरळ सांगायचं होतं ना, सुनबाय, बस माझ्यापाशी. पण तुमी कसल्या सांगताय! तुमाला ओरडल्याशिवाय साधं पाणीपण मागता येत नव्हतं.

अंगणात आले तर पडवीतली पोर उंबऱ्यावर बसलेली. पडवी मी भाड्यानं दिलीय. तिचा नवरा साताऱ्याकडचा, तारापूरला ते मोठं वीजघर बांधतायत तिथं कामाला. तो सकाळी जातो, ही दिवसभर रस्त्याकडं बघत असते. मी कंदाची पिशवी खाली ठेवली आणि काय झालं माझं मलाच कळलं नाय. म्हटलं, "ऊठ गं. कोनफळ एकटीनं लावलं तर खाजरं निघतं."

"आमच्याकडं असलं काय न्हाई, मावशी."

"तुमच्याकडं समुद्र तरी हाय काय?"

उठली. कोयता तिच्या हातात चांगला चालतो. घाणेरी तोडली, लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या, दगड परत रचले. खताला मी सुक्या मासळीचा कुटा आणला तर पदर नाकाला लावून पळाली. "मावशी, झाड मरंल ह्या वासानं!" मी म्हटलं, झाड नाय मरत, सातारकरीण मरते. एवढी हसली की मातीतच बसली. मग गावाकडच्या तिच्या सासूची नक्कल करून दाखवली. तुमी असतात तर तिला आणखीन शिकवलं असतं.

काल सगळी डोकी मातीत गेली. हात धुताना म्हणाली, बोईसरला खोली मिळायची हाय, पावसाळा सरला की आमी जाणार. कोनफळ निघतं थंडीत. मी घागर वाकडी धरली असणार, पाणी माझ्याच पायावर गेलं. म्हटलं, "जा बापडी. पण जिनं लावलं तिलाच खणायला यावं लागतं. नायतर आत नुसत्या मुळ्या सापडतात."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पदरानं तोंड पुसलं, लय वेळ पुसलं. "मंग यावंच लागंल की, मावशी."

हा कागद टपालात टाकायचा नाय, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवीन. पण तुमाला सांगून ठेवते, हा दुसरा नियम तुमचा नाय, माझा हाय. तुमचा पयला मी जन्मभर खरा मानला. माझा तिनं मानला का नाय, ते तिला विचारायची मला हिंमत झाली नाय.