रेगाटा बेलची उलटी मोटर

मी, बर्निस स्कोव्रॉन, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार अॅव्हनडेल, शिकागो, गुडघे सोडले तर धडधाकट आणि डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वीची दोन्ही रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण या वेळी कारण नीट मांडणार आहे.

१. घर माझी मुलगी लोरेटा हिला. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते. विकताना तिने ते लपवू नये.

२. बँकेतली शिल्लक चर्चच्या स्वयंपाकघराला, पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, उकळायच्या मोठ्या पातेल्यांसाठी. दर शुक्रवारी तीच गळकी पातेली बघून जीव विटला आहे.

३. सोल्डरिंग आयर्न, दोन पकडी आणि चिमटे लोरेटालाच. पिनबॉलच्या कारखान्यात मी बावीस वर्षं खेळाच्या फळीच्या मागच्या बाजूने वायरी जोडल्या. पुढची रंगीत चित्रं बघायला आम्हा बायकांना फुरसत नसे.

४. तळघरातलं पिनबॉलचं यंत्र 'रेगाटा बेल', सन १९६६. माझे कैलासवासी यजमान चेस्टर यांनी ते स्वतःच्या हाताने जुळवलं. ते गेल्यावर वर्षभरात त्याची मोटर जळाली. ही मोटर गुण मोजते. चेंडू पन्नासाच्या ठिकाणी आपटला की ती एक फेरा घेते आणि त्या फेऱ्यात पाच वेळा दहा-दहा गुण चढवते. नवी मोटर माझे धाकटे दीर, पेशाने मेकॅनिक, एडविन यांनी पाठवली. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी हवी, असं मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. आली ती उलटी. पन्नासाचे कधी तीस, कधी सत्तर. संपर्काच्या पट्ट्या वाकवल्या, घासल्या, बदलल्या. नऊ वर्षं डोकेफोड केली आणि हाती भोपळा. मोटर आली तेव्हाच फोन केला होता, तर हे महाशय मलाच विचारतात, "वहिनी, तुम्ही बघितलं कुठल्या बाजूने?" बावीस वर्षं यंत्रांत हात घातलेल्या बाईला हा प्रश्न! मी फोन आपटला. तेव्हापासून बोलणं बंद.

सबब, सदर यंत्र भंगारात द्यावं. एडविनला त्यातला एक स्क्रूही मिळू नये.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असं वकिलाने सांगितलं. म्हणून दुसरा साक्षीदार म्हणून मी मुद्दाम एडविनलाच बोलावलं आहे. आपल्याला काही मिळालं नाही, यावर त्याने स्वतः सही करावी.

६. (त्याच दिवशी, दुपारी.) एडविन आला. कलम चार वाचलं आणि जिना उतरून तळघरात गेला. मीही गुडघे धरत मागोमाग गेले. त्याने फळी उचलली आणि फोनवरचा तोच प्रश्न विचारला.

"मागून बघितलं," मी म्हणाले. "नेहमी बघते तसं."

"वायरीवाल्या बायका मागून बघतात. आम्ही मेकॅनिक पुढून, आसाच्या टोकाकडून बघतो. चेस्टरही तसंच बघायचा. तुमची सुलटी ती आमची उलटी."

त्याने दोन स्क्रू काढले, मोटरचा तारेच्या गुंडाळीचा भाग सोडवला, पालथा करून परत बसवला, की मोटर उलट दिशेने फिरू लागली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चेंडू सोडला. पन्नास. पुन्हा सोडला. पन्नास. मला रडू आलं, हे इथे नमूद करते.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेच विचारत होतो. तुम्ही फोन ठेवलात."

"मग परत करायचास."

"मलाही राग आला होता, वहिनी."

नऊ वर्षं गेली. चूक अर्धी माझी, असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

७. कलम चार रद्द. खोडत मात्र नाही, मी काय लिहिलं होतं ते लोकांना वाचता यावं. रेगाटा बेल, सर्व सुट्या भागांसह, दीर एडविन स्कोव्रॉन यांना. मी आहे तोवर त्यांनी रविवारी येऊन खेळावं.

ठिकाण: शिकागो. दिनांक ९ मार्च २०१९.

सही: बर्निस स्कोव्रॉन

साक्षीदार:

१. जेनवीव लुपा, शेजारीण.

२. रेमंड लुपा, जेनवीवचे यजमान. दारातला बर्फ काढत होते, तिथून बोलावून आणले. या जागी आधी एडविनचं नाव होतं. ते मात्र मी खोडलं आहे, कारण कलम पाचाप्रमाणे त्याला आता सही करता येत नाही.