माझ्यावरचा अविश्वास ठराव

प्रिय लव्हिनियाताई,

धाकट्या थॅडियसचा सप्रेम नमस्कार. तिकडे नेब्रास्कात वारा काय म्हणतो, शेळ्या दूध देताहेत ना, आणि भावोजींनी या वयात छपरावर चढणं सोडलं का, हे सविस्तर कळव. इकडे ओहायोत माझं बरं चाललंय, म्हणजे सकाळी उठतो आणि कोट घालतो.

भाऊ कॉलेजचा अध्यक्ष आहे, असं तू गावभर सांगतेस. सांग बापडी. पण कॉलेज म्हणजे टेकडीवरच्या चार इमारती (एकीला देणगीदार बाईंच्या कुत्र्याचं नाव आहे) आणि एकमेकांशी न बोलणारे प्राध्यापक. मी देणगीदारांबरोबर थंडगार कोंबडी खायची, आमचा फुटबॉलचा संघ हरताना टाळ्या वाजवायच्या, आणि राहतं घर कॉलेजचं असल्यामुळे माजी विद्यार्थी ते बघायला आले की पायजम्यातच दार उघडायचं. इतकी वर्षं हे करून मी थकलोय, ताई. फार थकलोय.

त्यात मी लॅटिनचा विभाग व्यायामशाळेत हलवला. (विद्यार्थी तीनच, आणि तेही धावपटू.) लॅटिनच्या क्रांट्झबाई चवताळल्या आणि प्राध्यापकांच्या सभेत त्यांनी माझ्यावर अविश्वासाचा ठराव मांडला. तो मंजूर झाला तर विश्वस्त मला घरी पाठवणार, हे नक्की. पण आमच्याकडे अनुमोदक मिळाला नाही तर ठराव जागीच बारगळतो. आणि कोणी हूं की चूं करेना. सगळ्यांचे डोळे मागच्या टेबलावरच्या भोपळ्याच्या 'पाय' नावाच्या गोड पक्वान्नावर. सभा चालवत होतो मीच. ती लवकर आटपावी म्हणून दर ठरावाला जे म्हणतो, तेच सवयीने बोलून गेलो, "अनुमोदन आहे असं धरतो. पुढे चला."

"अहो, पुढे कुठे? तुमच्याच विरुद्धचा आहे तो!" शेजारी बसलेले उपाध्यक्ष व्हिटकोम कुजबुजले. पण नोंद झाली होती.

गुप्त मतदान झालं. ठरावाच्या बाजूने पडलं एकच मत! सभागृहात टाळ्या. क्रांट्झबाईंनी तर मला मिठीच मारली.

"बाई, निदान तुमचं मत तरी..."

"छे हो! ठराव मांडणं माझं कर्तव्य होतं. पण तुम्ही गेलात तर मी भांडू कोणाशी? नवा माणूस ऐकून तरी घेईल का?"

विश्वस्तांनी खूश होऊन माझी मुदत पाच वर्षांनी वाढवली. आता त्या एका घरभेद्याला शोधायला समिती नेमली आहे. तिचाही अध्यक्ष मीच.

तुझाच,
थॅडियस

ता. क. तुमच्या गोठ्यावरची खोली अजून रिकामी आहे का? छप्पर गळत असलं तरी चालेल.

आणखी एक ता. क. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस. मी इतिहासाचा एक वर्ग घेतो, म्हणून मलाही मत असतं. ते एक मत माझंच होतं. काल समितीपुढे सरळ कबूल करून टाकलं, तर सगळे पोट धरधरून हसले, आणि अध्यक्षांचा विनोद किती छान, अशी नोंद झाली. ताई, तू स्वतः येऊन मला घेऊन जा.