खंडेनवमीची साफसफाई

३० सप्टें.
उद्या खंडेनवमी. कारखान्यात सकाळपासून झाडलोट. मागांना तेल घातलं, नक्षी उठवणाऱ्या जेकार्डवरची कापसाची लव काढली. मालक अण्णा म्हणाले, तुझा कॉम्प्युटर पण साफ कर.
बाहेरून पुसला. मग वाटलं, आतूनही करू. नको तिथे हुशारी. chalu फोल्डरमध्ये बाबांची सगळी चादरींची डिझाइनं, juna मध्येही तीच नावं. दोनदा कशाला ठेवायची? rm -r juna, म्हणजे अख्खं juna पुसून टाक. एंटर.
नंतर chalu मधलं राजहंस उघडलं. उघडेना. तुळसवेल नाही, जोडमोर नाही. ls करून यादी काढली. नावं सगळी जागच्या जागी, पण लाल.
Ctrl+Z दाबलं. टर्मिनलमध्ये ते केलेलं उलटवत नाही, चालू काम फक्त थांबवतं. मला माहीत आहे. तरी दाबत बसले.
मशीन बंद केलं. कुणाला काही बोलले नाही.

१ ऑक्टो., खंडेनवमी
पूजा. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डला हळदकुंकू. अण्णा सगळ्यांना सांगत होते, "ह्याच्यात मास्तरांची सगळी कमाई हाय." मास्तर म्हणजे बाबा. अर्धांगाचा झटका आला तोवर डिझाइनच्या खुर्चीवर तेच होते, आता मी. सगळ्यांबरोबर मीही हात जोडले. लाज वाटली.
घरी येऊन प्रशांतला फोन. मामाचा मुलगा, बार्शीच्या कॉलेजात लॅब सांभाळतो, कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स त्यानेच टाकलंय. ऐकून म्हणाला, "ताई, ls -l केलं असतंस तर बाण दिसले असते की. chalu मध्ये नुसत्या लिंका, फायलीकडं बोट दाखवणाऱ्या. मूळ फायली juna मध्ये." नवी डिस्क छोटी म्हणून फायली बाबांच्या जुन्या डिस्कवरच ठेवून तशी सोय केली होती. मला तेव्हा सांगितलं होतं म्हणे, आणि मी मान डोलावली होती. डोलावली असेन.
"आता त्या डिस्कवर काय पण लिहू नको. पुसलेलं अजून तितंच असतंय. वरनं दुसरं बसलं की संपलं."
दुसरी प्रत नाही. बाबांचे डिझाइनचे ग्राफपेपर माळ्यावर वाळवीने खाल्ले. उरलेसुरले वाचवायला म्हणून तर स्कॅन केले होते.

२ ऑक्टो., दसरा
प्रत्येक माग मुहूर्ताला थोडा चालवायचा. कॉम्प्युटरही. अण्णा पेनड्राइव्ह घेऊन आले, बाहेरून विकत आणलेली तयार डिझाइनं. मुहूर्तावर नवा माल चढवू म्हणाले. सगळे विणकर उभे, अण्णांच्या आई आरतीचं ताट घेऊन. सणाच्या दिवशी, त्या सगळ्यांपुढे, कसं सांगायचं? म्हटलं गुपचूप नव्या डिस्कवर टाकते. तर अण्णा मागेच उभे. "मास्तरांच्या डिस्कवरच ठेव. त्यांच्या हातानं यश येतंय."
cp ने तिथेच कॉपी केलं. अख्खा पेनड्राइव्ह. टाळ्या झाल्या. पेढा खाल्ला.
भित्री आहे मी. दुसरं काही नाही.

४ ऑक्टो.
काल अण्णांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तरांला कळू देऊ नको. निघतील तेवडी काढ. नायतर बाहेरचीच चालवू." म्हणजे बाबांचं काम संपलं. माझंही, पण ते राहू दे.
आज डिस्क मांडीवर घेऊन एसटीने बार्शी. प्रशांतचा प्रोग्राम दिवसभर डिस्क खरवडत होता. बरीच डिझाइनं कोरी निघाली. काही अर्धी, वर मोर आणि खाली नुसतं करडं. धड आली ती थोडी, आणि त्यांनाही नाव नाही, नुसते आकडे. व्यापारी तर नावानेच माल मागतात. इकडे नावं आहेत, डिझाइन नाही. तिकडे डिझाइन आहे, नाव नाही. मी हाताळलेली ओळखली. बाकीची माझ्या आधीची, ती फक्त बाबाच ओळखतील.
प्रशांतने निघालेली डिझाइनं घालून लॅपटॉप दिला. घेऊन आले.

६ ऑक्टो.
अण्णांचं अर्धंच ऐकलं. काय झालं ते बाबांना सांगितलं नाही, फक्त लॅपटॉप त्यांच्या खाटेवर ठेवला. झटक्यापासून शब्द सावकाश येतात त्यांना, पण येतात. धड आलेलं एक डिझाइन उघडलं, वेल आणि त्यात लपलेले पक्षी. शेजारच्या खिडकीत नाव बदलायचं mv टाइप केलं, आकडा घातला, टॅब दाबला. नाव सांगितलं की लगेच लिहायचं.
बाबा बराच वेळ बघत होते. डाव्या हाताचं बोट पडद्यावरून चौकोन चौकोन सरकवलं, कागदावर मोजायचे तसं. मला वाटलं, आता सांगतील.
"चांगलं हाय," म्हणाले. "कुणाचं?"
तुमचंच बाबा, म्हटलं. हसले. व्यापाऱ्याने स्तुती केली की हसायचे तसंच. "माजं नव्हं. मला येवडं बारीक जमत न्हाय."
मला रडू आलं, त्यांच्यासमोरच. त्यांना कळलं नाही का ते. दुसरं दाखवलं. तेही तितक्याच आदराने बघितलं, आणि तेच विचारलं.
उद्या अण्णा नावं मागतील. mv ची ओळ तशीच अर्धी आहे. लॅपटॉप उचलायला गेले तर बाबांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. बगू दे अजून."