दादाचा हात थरथरत नव्हता

आबा, तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तेव्हा हे टपालात टाकायचा प्रश्नच नाही. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, त्यावर लिहितेय. शाळा चौथीपर्यंत, त्यातही ओढ्याला पाणी आलं की घरी बसायचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. तुम्हाला तरी कुठे येत होतं. लिहायचंय दादाबद्दल. त्याच्याविषयी आपण दोघं कधी बोललो नाही, आणि आता बोलायचं तर मला एकटीलाच बोलावं लागणार.

मी सध्या दुबईला असते, मुलाकडे. डिस्कव्हरी गार्डन्स म्हणतात या भागाला. मुलगा इंजिनियर आहे, सून हॉस्पिटलात नोकरीला आहे, आणि नात पंधरा वर्षांची. ही नात बंदूक चालवते. थांबा, लगेच कपाळाला हात लावू नका. इथे डुक्कर नाही, रान नाही, रान उठवायचा हाका नाही. अल ऐनच्या रस्त्याला एक क्लब आहे, तिथे गार हवेच्या हॉलमध्ये कानाला टोपणं लावून मुली पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडतात. बंदूक घरी आणायची नाही, ती क्लबच्याच कपाटात कुलपात राहते. शनिवारी सुनेला ड्युटी असते आणि मला घरी एकटीला ठेवलं की मी शेजारच्यांशी भांडते असं मुलाचं म्हणणं, म्हणून मलाही गाडीत घालून नेतात. काचेमागे खुर्च्या असतात, समोर पडदा असतो, गोळी कुठे लागली ते पडद्यावर दिसतं. तुमच्या काळी गोळी कुठे लागली ते बघायला रानात शिरावं लागायचं.

वाढदिवसाला मुलानं नातीला नवीन दुर्बीण आणली. बंदुकीवर बसवायची. किती दिरहम पडले ते सांगत नाही, कारण मी लगेच रुपये करते. क्लबचे मास्तर आपल्याकडचे, गढवालचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, आमचा माणूस बसवून देईल. पण आमचे चिरंजीव म्हणाले, नको सर, मी सगळे व्हिडिओ बघितलेत. ऑफिसात दिवसभर लॅपटॉप दाबणारा माणूस, घरातला नळ गळला तर प्लंबर बोलावतो. पण त्या दिवशी मन लावून केलं हो त्यानं, खोटं कशाला बोलू. बंदुकीच्या पाठीवर पोलादी पट्टी असते, तिच्यावर दोन कड्या बसवल्या, कड्यांत दुर्बीण ठेवली. नातीला गाल टेकायला लावून दुर्बीण पुढे सरकवली, मागे सरकवली, काळी सावली जाऊन अख्खा गोल दिसेपर्यंत. मग हॉलच्या टोकाला ओळंबा लटकवला, गवंडी भिंतीला लावतो तसाच, आणि आतली उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. मग वरचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. पाच गोळ्या मारल्या, दुर्बिणीच्या डोक्यावरची चकती टिक टिक फिरवली, परत पाच मारल्या. गोळ्या मधोमध जायला लागल्या तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पोरीपेक्षा तोच खूश.

पुढचे दोन शनिवार मात्र वाईट गेले. पहिल्या चार गोळ्या नीट जायच्या, मग हळूहळू खाली आणि डावीकडे. मुलगा चकती फिरवून सारखं करायचा, थोड्या वेळानं परत तेच. क्लबची टीम निवडायची होती पुढच्या आठवड्यात, आणि पोरीनं वर्षभर त्या टीमवर डोळा ठेवलेला. तिसऱ्या शनिवारी सकाळी तर एक गोळी काळ्या गोलाच्याच बाहेर गेली. मुलगा काचेच्या दारातून आत गेला. मास्तर, बाकीच्या मुली, सगळे होते.

"एवढी चांगली दुर्बीण आणून दिली तरी तेच. लक्ष नाही तुझं, फोनमध्ये असतं. हात बघ, हात थरथरतोय तुझा."

त्याला दादाची गोष्ट माहीत नाही, आबा. मी सांगितलेली नाही. कुठून आले त्याच्या तोंडात नेमके तेच शब्द, देव जाणे. पोरीनं बंदूक खाली ठेवली, खटका उघडून ती रिकामी केली, आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. मी बघत होते. पुढची पन्नास वर्षं हे हात खिशातच राहणार, हे मला त्या क्षणी दिसलं.

कारण दादा तसाच उभा होता. तुम्ही पडवीत बाजेवर पडलेले, मांडीवर हळद दाबलेली, फडकं लाल झालेलं, आणि अख्खी वाडी अंगणात. रताळ्याच्या वाफ्यात डुक्कर शिरत होतं म्हणून पहाट फुटल्यावर हाका घातला होता. माणसं डबे वाजवत रान झोडपत खाली येत होती, आणि तुम्ही पहिल्यांदाच ठासणीची बंदूक दादाच्या हातात दिलेली. एकोणीस वर्षांचा होता. वीस पावलांवरनं बार काढलान आणि तो मागच्या पायाला लागला. जखमी डुक्कर वळलं ते सरळ तुमच्यावर. तुमची मांडी फाडून गेलं. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "तुझा हात थरथरतो. बायकांत बस जाऊन. या बंदुकीला परत हात लावायचा नाही." तो हात लेंग्याच्या खिशात घालून उभा राहिला. दहाव्या दिवशी मुंबईला गेला.

आता जे सांगायचं ते सांगते. हाक्याच्या दोन दिवस आधी मी भिंत सारवत होते. अकरा वर्षांची होते. खुंटीवरची बंदूक मध्ये येत होती म्हणून काढायला गेले, ती हातातून सुटली आणि नळीचं तोंड जात्यावर आपटलं. नळीच्या टोकाला ती माशी असते ना, नेम धरायची, ती एका बाजूला कलली. मी घाबरले. घरात कोणी नव्हतं. बत्ता घेऊन ठोकून ठोकून तिला उभी केली, एक डोळा मिटून बघितलं, मला सरळ वाटली. शेणाचा हात पुसून बंदूक परत खुंटीला लावली. मला वाटली सरळ, पण ती नव्हती.

तर त्या शनिवारी मी उठले आणि काचेचं दार ढकलून आत गेले. मास्तरांना माझ्या हिंदीत म्हटलं, "सुभेदार साहेब, लडकी को बाद में देखो. पहले वो दुर्बीण को देखो."

मुलगा म्हणाला, "आई, तू बस ना बाहेर. तुला यातलं काय कळतं?"

म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त. माझ्या बापाची बंदूक होती, तुझ्या बापाची छत्रीसुद्धा नव्हती.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बंदुकीकडे. म्हणाले, माताजी ठीक कहती हैं, हे पहिल्याच शनिवारी मी करायला हवं होतं. नातीच्या पिशवीतून त्यांनी नखाला लावायच्या निळ्या रंगाची बाटली मागून घेतली. काडीनं एक बारीक रेघ ओढली, अर्धी कडीच्या पायावर, अर्धी खालच्या पट्टीवर. वाळू भरलेल्या पिशव्यांवर बंदूक टेकवली, पोरीला बाजूला बसवलं, आणि स्वतः आडवे होऊन दहा गोळ्या मारल्या. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पिशवीवर टेकवलेली बंदूक, आणि गोळ्या चालल्या खाली डावीकडे. मग त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. निळी रेघ तुटली होती. केसाएवढी. खालची अर्धी जागेवर, वरची अर्धी पुढे सरकलेली. मागच्या कडीच्या पोटाखाली एक स्क्रू होता, तो त्यांनी नुसत्या बोटानं फिरवून दाखवला.

हॉलमध्ये बाकीच्या गोळ्यांचे आवाज चालूच होते. मला वाटलं, आता हा म्हणेल की दुकानदारानं फसवलं, माल खराब आहे. शंभरातले नव्वद बाप तसंच म्हणाले असते. मुलगा म्हणाला, "सर, बसवलं मीच आहे. वरचे स्क्रू बघितले, खालचा तपासलाच नाही." मग पोरीकडे वळला. "सॉरी बाळा. तुझा हात थरथरत नाही. मी चुकीचं बोललो, आणि सगळ्यांसमोर बोललो."

पोरगी म्हणाली, "इट्स ओके, पप्पा. कॅन वी फिक्स इट नाऊ?" आणि हात खिशातून बाहेर काढले.

झालं. एवढंच. अर्धा मिनिटसुद्धा लागलं नाही. हे तो कुठून शिकला? माझ्याकडून तर नाही.

मग मास्तरांनी सगळं उतरवून पुन्हा बसवलं आणि दुर्बिणीची परीक्षा घेतली. नातीनं मधोमध एक गोळी मारायची. मग चकती वीस टिक वर, एक गोळी. वीस टिक उजवीकडे, एक गोळी. वीस खाली, एक. वीस डावीकडे, म्हणजे फिरून जिथून निघालो तिथेच, आणि शेवटची गोळी. नेम मात्र सगळा वेळ मधल्याच ठिपक्यावर. दुर्बीण खरी असेल तर कागदावर चौकोन उमटतो आणि शेवटची गोळी पहिल्या भोकात जाते. मी पडद्याकडे बघत होते. पहिल्या भोकाखेरीज चौकोनाचे उरलेले तीन कोपरे उमटले. पाचवी गोळी सुटली तेव्हा नवीन भोक कुठे दिसेना. मास्तरांनी बोटानं दाखवलं, पहिलंच भोक जरासं रुंद झालं होतं. दुर्बीण चांगली होती. पोरगीही चांगली होती. बापलेक हसायला लागले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले आणि पाण्याच्या मशीनपाशी बाकावर बसले. अर्ध्या तासाचं काम होतं, आबा. एक रेघ आणि दहा गोळ्या. एवढं कोणी केलं असतं तर.

दादाला मी पुढे मुंबईत भेटत राहिले, तुम्हाला ते माहीत नव्हतं. एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता. लग्न केलं नाही. माझ्याकडे डोंबिवलीला यायचा, तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, लहान मूल धरतं तसा. मुलगा झाला तेव्हा त्याच्या मांडीवर द्यायला गेले, तर म्हणाला, नको गं, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी त्या हातांकडे नीट बघितलंय. कँटीनमध्ये उकळत्या तेलात भजी सोडायचा त्या हातांनी. कधी थरथरले नाहीत ते हात. पण तुम्ही सांगितलं होतंत म्हणून त्यानं शेवटपर्यंत खरं धरलं. हॉस्पिटलात त्याचा जीव गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता, तेव्हा तरी सांगायला काय हरकत होती? मी मोसंबी सोलत बसले.

आणि तुम्ही. तुम्हालाही कळलं होतं. मांडी भरून आल्यावर तुम्ही पहिला बार काढलात तो माकडाला सोडून फांदीला लागला. तुम्ही नळी वर धरून माशीकडे खूप वेळ बघितलंत. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून ती काढून नवीन बसवून आणलीत. कशी वाकली, कधी वाकली, एका शब्दानं विचारलं नाहीत. मला वाटलं आता दादाला बोलावून घेतील. तुम्ही साधं कार्डही टाकलं नाहीत. अख्ख्या वाडीसमोर बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे केवढं, ते मला आता कळतं. माझ्या मुलाला ते जमलं, तुम्हाला नाही जमलं. तुम्हाला दोष देऊन मी सुटते असं समजू नका.

मी का गप्प बसले, ते सांगून थांबते. मार खायच्या भीतीनं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. भीती होती, पण ती महिनाभर. पुढे तुम्ही लंगडत चालायला लागलात, बंदूक वाहायला कोणीतरी हवं म्हणून मला बरोबर नेऊ लागलात. बांधावरनं तुम्ही पुढे आणि बंदूक घेऊन मी मागे. बंदुकीच्या दारूची पुडी माझ्या ओच्यात. गज ठासायला तुम्ही मला शिकवलंत, अर्धी भाकरी मोडून द्यायचात. पोरींना कोण असं घेऊन जातं? वाटेत माणसं विचारायची, काय, पोरगीला तयार करताय वाटतं, आणि तुम्ही नाही म्हणायचा नाहीत. दादा परत आला असता तर बंदूक त्याच्या खांद्यावर गेली असती आणि मी चुलीपाशी. मला ते नको होतं. म्हणून नाही सांगितलं.