गुडघ्यापर्यंत न पोचलेलं ऊन

आई, या वर्षी महालक्ष्म्यांच्या पूजेला मी खुर्ची मागितली. शेवटच्या वर्षांत तू मागायचीस तशीच, आवाज खाली करून. जमिनीवर बसले असते तर उठता आलं नसतं, आणि पाहुण्यांसमोर कोणाचा हात धरून उठायची लाज वाटली. तेव्हापासून मी चिडलेली आहे. कोणावर, ते नक्की ठरत नाही.

गुडघा दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी फारच कमी. रायपुरात! उन्हाळ्यात जिथे स्कूटरची सीट चटका देते, त्या गावात. मी म्हटलं, नव्या रायपुरातल्या ऑफिसात मी मुद्दाम खिडकीजवळ बसते, मांडीवर ऊन असतं. ते हसले. "मैडम, काँच के पीछे की धूप से गर्मी मिलती है, विटामिन नहीं." त्या जागेसाठी मी भांडले होते, आई. कोणाला पडदा ओढू दिला नव्हता.

पुढचं तर आणखी चीड आणणारं. औषध घेतलं की गुडघा बरा होईल ना, असं विचारलं. तर म्हणे, कमतरता भरून काढायलाच हवी, हाडांना आणि मांडीच्या स्नायूंना ते लागतं, दुखणं कमी होईलही कदाचित. पण सांध्यातली झिजलेली गादी त्याने परत येत नाही. व्यायाम करा. मला एक सरळ कारण हवं होतं, आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझं सगळं खापर तुझ्यावर फोडूनही झालं होतं.

कारण मला गच्ची आठवत होती. हिवाळ्यात तू तिथे कोहळ्याच्या वड्या घालते आहेस, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी बायांकडून शिकलेल्या, आणि मी जवळ आले की ओरडते आहेस, "आत जा ना वं पोट्टे! काळी पडशीन, मंग पाहाले येनाऱ्याले काय दाखवू?"

"मंग तू काहून बसून राहिली उन्हात?"

"माह्यं झालं ना लग्न!"

हे मी मुलीला तावातावाने सांगितलं. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पर आजी तो पूरी सर्दी छत पर रहती थीं न? फिर उनके घुटने क्यों गए?"

मी गच्ची पुन्हा आठवून पाहिली. मग दिसलीस तू. साडीवरून बाबांचा जुना फुल शर्ट, पदर कपाळापर्यंत, बाहेर फक्त पीठ लागलेली बोटं. दिवसभर उन्हात होतीस, पण ऊन तुला लागत कुठे होतं? क्षणभर वाटलं, सापडलं कारण. पण तुझं रक्त कोणी तपासलंच नाही. आम्ही "वय झालं" म्हणालो आणि तेल चोळलं. म्हणजे हेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्याला धरावं ते हातातून निसटतं.

आज रविवार. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसायला सांगितलंय, म्हणून गच्चीवर आले. तुला जाब विचारायचा तो इथूनच, असंही ठरवलं होतं. लिहिता लिहिता बाहीला शाई लागली, तेव्हा लक्षात आलं. वर येताना दारामागे टांगलेला नवऱ्याचा फुल शर्ट मी कुर्त्यावर चढवून आले आहे.

अजून काढलेला नाही.