कांद्याची खोली

सोम. ३ नोव्हें.
मोत्या गेला. दिवसाढवळ्या, साडेचारला. ओवी पायरीवर बसून शाळेचे बूट काढत होती, मोत्या तिच्यापासून चार हातांवर. शेजारच्या उसातून वाघ आला, मोत्याला उचललं, परत उसात. मी गोठ्यातून धावले तोवर नुसतं पाचट हलत होतं. ओवी ओरडलीसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्यावर निभावलं म्हनायचं." निभावलं! सात वर्षांची पोर बसली होती तिथे.

बुध. ५
वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली. आत कोंबड्या. इथे सगळे वाघच म्हणतात, बिबट्या फक्त त्यांच्या कागदावर.
ओवी आता एकटी अंगणापलीकडे संडासला जात नाही. आज वर्गातच चड्डी ओली केली. बाईंनी घरी पाठवली. मी तिच्यावर ओरडले. मग रडले. अक्कल नाही मला.
यांना फोन केला. हे चाकणला कंपनीत, गुरुवारची सुट्टी तेवढी घरी. म्हटलं, आता मळ्यात नाही राहायचं. शहरात जागा बघा. रस्त्याला दिवे, शाळा चालत, भाडं झेपेल असं. बाकी काही नको. लगेच "बरं" म्हणाले. एरवी कशालाच लगेच बरं म्हणत नाहीत.

गुरु. ६
मोशीला गेलो, ओवीसकट. जागा छान, शाळा समोरच. मालकीणबाईंनी दारातच उभं केलं. गाव कुठलं, आडनाव काय, माणसं किती, पाहुणे किती येतात. आडनावाला मान हलवली. पाहुण्यांवर अडलं. गावाकडच्यांकडे येणारे-जाणारे फार, पाणी पुरत नाही. मग म्हणाल्या, खरं तर खोली कालच दिली. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच लटकत होती.
जिना उतरताना हे म्हणाले, "तुझ्याच शाळंत शिकलेली दिसती."
लागलं. इथल्या अवसरीच्या कॉलेजमुळे आमच्या तीन खोल्या पोरापोरींना भाड्याने द्यायच्या म्हणून बांधलेल्या. दारात उभं करून हेच सगळं मी विचारते. नको असेल त्याला वाटेला लावायचं वाक्यही हेच. कालच दिली.

सोम. १०
शेजारी तोड सुरू झाली. ऊस कमी होईल तसा वाघ घरांकडे सरकणार. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना सासूबाईच दाणे टाकतात. आज एक अंडं सापडलं म्हणून खूश. मला हसू येईना.

गुरु. १३
भोसरीला दोन जागा. एक परवडणारी, पण जिना बाहेरून, कठडा नाही, खाली दिवसभर टेम्पो मागे-पुढे. दुसरी चांगली. भाडं ऐकून हे रुमालाने मान पुसत राहिले.
ओवीने दोन्हीकडे एकच विचारलं, "इथं ऊस कुठंय?" नाही म्हटलं तर म्हणते, "मंग तो कुठून येतो?"
परतताना एस.टी.त हे हळूच म्हणाले, "सुनीलची वरची खोली रिकामी हाय. दिघीला. त्यानंच विचारलं, दोनदा."
मी खिडकीबाहेर बघत राहिले. राजगुरुनगर येईपर्यंत.

शुक्र. १४
लिहूनच टाकते. सुनील कंपनीत यांच्याच लाईनवर कामाला. दोन वर्षांपूर्वी त्याची प्रणाली इथल्या कॉलेजला लागली. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून यांनीच त्याला आपल्याकडे पाठवलं. बाप-लेक दारात उभे. आडनाव विचारलं. त्याने सरळ सांगितलं. बौद्ध. म्हटलं, भाऊ, खोली कालच दिली. यांना सांगितलं, आईंना चाललं नसतं. सासूबाईंना विचारलंच नव्हतं. मलाच नको होतं.
पुढचे दोन गुरुवार हे ताट घेऊन ओसरीवर जाऊन जेवले.
त्या वर्षी कडेच्या खोलीला दुसरं कोणी आलंच नाही. कांदे भरले, तेव्हापासून दरवर्षी तिथे कांदेच.
आज सासूबाईंना दिघीचं सांगितलं. "त्यांच्या घरात? अन् पानी कुठलं पिनार?" म्हटलं, नळाचं.

गुरु. २०
दिघी. गल्लीत दिवे, शाळा दोन मिनिटांवर, संडास घरात. समोर विहाराच्या पायरीवर बाया शेंगा फोडत बसलेल्या. एकीने ओवीला हाक मारली. ओवी गेली. एकटी! सतरा दिवसांत पहिल्यांदा. ओंजळभर शेंगा घेऊन आली.
सुनीलभाऊंच्या बायकोने, मंगलने, चहा केला. भाडं सांगितलं, झेपेल असं. आडनाव विचारलं नाही, पाहुण्यांचं विचारलं नाही. मी आपली वाट बघतेय, आता विचारेल, मग विचारेल.
प्रणाली घरातच, परीक्षेची सुट्टी. एरवी पहाटे साडेपाचला निघते, अवसरीला येते, संध्याकाळी परत. दोन वर्षं. मंगल सहज सांगत होती. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तेव्हा खोली नेमकी आदल्याच दिवशी गेली होती गं. नाहीतर…"
ओवी शेंगा सोलत होती. "कोन्ती, आई? कडंची? ती तर रिकामीच हाय. आपन कांदे ठेवतो ना तिथं."
सुनीलभाऊंनी बशी खाली ठेवली. प्रणालीच उठली. ओवीला म्हणाली, "चल, तुला गच्ची दाखवते."

शनि. २२
सुनीलभाऊंचा यांच्याकडे निरोप. "उद्यापर्यंत खोली ठिवतो. नको असंल तरी कळवा." एवढंच. यांनी मला नंबर धाडला. म्हणाले, "आता तूच बोल."
पिंजऱ्यात अजून नुसत्या कोंबड्याच. ओवी सारखी विचारते, प्रणालीताईकडं कधी जायचं.
दुपारी कडेच्या खोलीतले कांदे बाहेर काढले. निम्म्यांना कोंब, बाकीचे सडलेले. खोली झाडली, फरशी दोनदा पुसली, वास जात नाही. सासूबाईंनी विचारलं, "कुनी यायचंय का?" मी परत फडकं पिळलं.
नंबर तीनदा काढला. हो म्हणायला तोंड नाही. नाही म्हटलं तर पोर इथेच. आणि प्रणालीनेच फोन उचलला तर पहिलं वाक्य कुठलं?
या खोलीच्या पायरीवर बसूनच लिहितेय. साडेचार वाजून गेले. ओवी दाराच्या फटीतून हाक मारतेय, आई आत ये, ऊस हलतोय.
वारा असेल. जाते.