ह्रुस्कांच्या अर्ध्यावर थांबलेल्या कॅसेटी

९ सप्टेंबर १९८६, मंगळवार

पुन्हा तेच! ह्रुस्कांनी भाड्याने नेलेली पिक्चरची कॅसेट रिवाइंड न करता दुकानात परत आणली. दारावर, काउंटरवर, प्रत्येक डबीवर लिहून ठेवलंय मी. अख्खं गाव ऐकतं, हा माणूस नाही. चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवलं, मापात कधी खोट नाही, रविवारचं चर्च कधी चुकलं नाही. आणि आता दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला येऊन भुताखेतांची, सुऱ्या-कुऱ्हाडींची कॅसेट घेऊन जातात! दुकानाच्या सभासद-कार्डावर घरच्यांची नावं घालायला जागा असते; यांच्या कार्डावर एकट्याचंच नाव. डोक्यावर हॅट, चेहरा असा की जणू कुणाच्या अंत्यविधीला निघालेत.

 मीच रिवाइंड केली.

१६ सप्टेंबर

आजचीही अर्ध्यावरच. दुकानात चिटपाखरू नव्हतं, म्हटलं बघू तरी कुठे थांबवतात. मशीनला लावली. गाड्या धुण्याच्या ठिकाणी एक मुलगी, मुखवटेवाला मागून येतो, तिचा निकाल लावतो — आणि तिथेच बंद. पुढचा तासभर पिक्चर पाहिलाच नाही! खुनी कोण हे कळायच्या आत उठून जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते आहे.

२३ सप्टेंबर

दुकान बंद करून लगेच लिहायला बसले.

या वेळची तळ्यावरची होती. मुलगी बुडवून मारली, की लगेच थांबवलेली. थोडी मागे घेऊन पाहिली — मुलगी तीच! तिकडे केस काळे होते, इकडे पिवळे, पण बट मागे सारायची तऱ्हा तीच. बोटांनी नाही, मनगटाने. ही तऱ्हा मी हजार वेळा पाहिली आहे. खाटकाच्या काउंटरमागे! हात बरबटलेले असायचे ना, म्हणून मनगटाने.

रोझाली. ह्रुस्कांची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी गाव सोडून गेली, परत आली नाही. नटनट्यांच्या यादीत नाव भलतंच आहे, पण तीच ती.

३० सप्टेंबर

राहवलं नाही. ह्रुस्का भिंग लावून डब्यांच्या मागचे बारीक फोटो बघत होते. मी सहज म्हणावं तसं म्हटलं, रोझाली छान काम करते.

त्यांनी हॅट काढली. मग अर्धा तास बोलले. चाळीस वर्षांत मिळून एवढे बोलले नसतील माझ्याशी. चर्चमधल्या कुणीतरी सांगितलं, तुमची मुलगी पिक्चरमध्ये दिसली. त्याच आठवड्यात जाऊन मशीन घेऊन आले. आतापर्यंत सात सापडले. सातांत सात वेळा मेली. एकात जरा बारीक दिसते, खोकतेही. "गळा कापल्यावर रक्त असं येत नाही, बर्निस," म्हणाले. "पण पडली छान. लागलं नसेल ना तिला?"

मला हसू आलं. तेही हसले, मग डोळे पुसले.

पिक्चर पुढे का बघत नाही, विचारलं.

"पुढे ती नसते ना."

७ ऑक्टोबर

आठवड्यात पाच भयपट पाहिले! मी — उंदीर दिसला तर खुर्चीवर चढणारी! विणकाम डोळ्यांसमोर धरते आणि टाक्यांमधून बघते. बहीण फोनवर म्हणाली, तुला वेड लागलंय. लागू दे. रोझाली सापडली! नर्स झाली आहे, तीन मिनिटं आहे, मग लिफ्टमध्ये जाते बिचारी. कॅसेट ह्रुस्कांसाठी बाजूला ठेवली.

१४ ऑक्टोबर

नर्स बघून स्वारी खूश. टोपीत किती शोभते म्हणाले. मग काउंटरला टेकून, मी न विचारताच सांगायला लागले. पोरीने नटी व्हायचं डोक्यात घेतलं, घरात भांडणं झाली. जायच्या दिवशी ह्रुस्का ट्रक घेऊन बसस्टँडवर गेले खरे, पण खाली उतरले नाहीत. ती काचेपाशी आली. यांनी काच खाली केली आणि म्हणाले, तू आम्हाला मेलीस.

"एकदाच म्हणालो होतो मी," ह्रुस्का म्हणाले. "एकदाच."

 पेपरमिंटची बरणी पुढे केली.

१५ ऑक्टोबर

डबीवर कंपनीचा पत्ता असतो. तिला पत्र लिहिलं. तुझे वडील दर मंगळवारी येतात, एवढंच — आणि माझा फोन नंबर. विचार बदलायच्या आत पेटीत टाकलं.

२८ ऑक्टोबर

ह्रुस्कांना आज पत्राचं सांगून टाकलं. ऐकून घेतलं, हॅट घातली, गेले. नवी कॅसेट नेली नाही. नाक खुपसायची ही माझी खोड!

४ नोव्हेंबर

मंगळवार. आले नाहीत.

११ नोव्हेंबर

नाहीत. भयपटांचं कपाट दोनदा पुसलं.

१३ नोव्हेंबर

कॅलिफोर्नियाहून फोन! आधी वाटलं राँग नंबर. मग ती म्हणाली, "ते खरंच सगळे बघतात?"

मी म्हटलं, तू असतेस तिथपर्यंत.

  पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. पिक्चर सोडून दोन वर्षं झाली म्हणे, दाताच्या डॉक्टरकडे काम करते. हे सगळे जुने, आता कॅसेटवर येताहेत. घरचा नंबर तोच आहे का, विचारलं. म्हटलं, घर तेच, नंबर तोच, माणूसही तोच — तो स्वतःहून फोन करायचा नाही, तूच कर.

१८ नोव्हेंबर

अकरा वाजता दार वाजलं आणि ह्रुस्का! रागाबिगाचं नावही काढलं नाही. सरळ विचारलं, टर्की किती वेळ भाजायची. चाळीस वर्षं गावाला टर्की विकल्या, स्वतः एकही भाजलेली नाही! बायको होती तेव्हा ती करायची. मी कागदावर सगळं लिहून दिलं. कागद घडी करून खिशात ठेवला आणि दारातून म्हणाले, रविवारी तिचा फोन आला होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते आहे.

दुकानात एकटीच नाचले. गुडघा दुखतोय.

२६ नोव्हेंबर

उद्या सण, म्हणून दुकानात ही रांग! चर्चच्या निम्म्या बायका हजर. एवढ्यात ह्रुस्का आले. मागे रोझाली — जिवंत, जरा जाड झालेली, देखणी. आणि तिचा हात धरून एक मुलगी.

मुलगी थेट भयपटांच्या कपाटाकडे. मी आपलं विचारावं म्हणून विचारलं, किती वर्षांची गं तू?

"फेब्रुवारीत अकरा पूर्ण होतील."

मी काउंटरखाली बोटं मोजली. रोझाली गेली ती पंचाहत्तरच्या नोव्हेंबरात; ही जन्मली शहात्तरच्या फेब्रुवारीत. म्हणजे भांडण पिक्चरचं नव्हतंच. रांगेतही सगळ्यांची बोटं चालली असणार, कारण एकदम चिडीचूप झालं. रोझालीने मान खाली घातली.

ह्रुस्कांनी हॅट काढली. मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही टेसा. टेसा ह्रुस्का. माझी नात."

मग माझ्याकडे वळले.

"माझ्या कार्डावर हिचं नाव घाल, बर्निस."